बी. फार्मच्या रेमेडियल मॅथ्समध्ये बेसिक घ्यायचं की सिलॅबस संपवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅथ्समध्ये एमएस्सी करून फार्मसी कॉलेजात नुकत्याच लागलेल्या एका सरांना बी. फार्मच्या पहिल्या सेमचं रेमेडियल मॅथेमॅटिक्स (बारावीला गणित नसलेल्यांसाठीचा भरपाईचा पेपर) दिलंय. वर्गात सगळी बायोलॉजी ग्रुपची मुलं, म्हणजे दहावीनंतर गणिताची वही उघडलेलीच नाही. तास ३०, सिलॅबस पार लॅप्लास ट्रान्सफॉर्मपर्यंत (डिफरन्शियल इक्वेशन सोडवायची एक पद्धत), आणि १/४ + १/६ विचारलं तर अर्ध्या वर्गाचं उत्तर २/१०. सर विचारतायत की अशा वर्गासाठी कोर्स कसा आखायचा, बेसिक घेत बसायचं की सिलॅबस संपवायचा.

मी बरीच वर्षं हाच विषय शिकवतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन्ही करायचं, पण "आधी आठ तास बेसिक, मग सिलॅबस" असे दोन तुकडे पाडून नाही. बेसिक त्या त्या युनिटच्या पोटातच घ्यायचं, आणि काय घ्यायचं ते मुलांच्या चुका बघून ठरवायचं, दहावीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका बघून नाही.

आधी सिलॅबस नीट समोर ठेवा. पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया) २०१४ च्या रेग्युलेशन्सखाली जो चालतो त्यात ५ युनिट, प्रत्येकी ६ तास. पार्शल फ्रॅक्शन, लॉगॅरिदम, फंक्शन, लिमिट हे पहिलं, मग मॅट्रिक्स आणि डिटरमिनंट, मग डिफरन्सिएशन, चौथ्यात सरळ रेषा आणि इंटिग्रेशन, शेवटी डिफरन्शियल इक्वेशन आणि लॅप्लास ट्रान्सफॉर्म. म्हणजे गणित घेतलेली मुलं अकरावी-बारावीत दोन वर्षं जे करतात त्यातलं बरंचसं, आणि वर इंजिनिअरिंगचा एक तुकडा. मागचं भरून काढायला यात एक तासही ठेवलेला नाही. जिने दहावीला गणितात कसेबसे मार्क मिळवून सुटकेचा निःश्वास टाकला आणि बायोलॉजी घेतलं, तिच्यासाठी हा कोर्स आहे. मग होतं काय, बोर्डवर सूत्रं लिहिली जातात, ठरावीक टाइपची गणितं करून घेतली जातात, मुलं ती पाठ करतात, पास पण होतात, आणि चौथ्या सेमला ड्रग स्टॅबिलिटीत फर्स्ट ऑर्डर कायनेटिक्स (जितकं औषध शिल्लक त्या प्रमाणात ते कमी होण्याचा हिशोब) आलं की लॉग काढून टाकायचा कसा हेच कुणाला आठवत नाही. ते तेव्हा कळलेलंच नसतं तर आठवणार कुठून.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे आणि ती बऱ्याच नवीन शिक्षकांना माहीत नसते. हा पेपर पीसीआयच्या स्कीममध्ये नॉन युनिव्हर्सिटी एक्झाम आहे. एकूण ५० मार्क, १५ इंटर्नल आणि ३५ एंड सेम, आणि परीक्षा कॉलेज पातळीवर विषयशिक्षकच घेतात. (तुमच्या युनिव्हर्सिटीने काही बदल केलाय का ते एकदा परीक्षा विभागात विचारून घ्या.) म्हणजे कशावर किती भर द्यायचा आणि पेपरात काय विचारायचं हे मोठ्या प्रमाणात तुमच्या हातात आहे. जुने पेपर काढून तसेच सेट करू नका, ही सवलत वापरा.

आता पहिला आठवडा. २० प्रश्नांची चाचणी घ्या, मार्क नाहीत, कॅल्क्युलेटर नाही, ऑप्शन शक्यतो नाहीत आणि रफ काम त्याच कागदावर. ऑप्शनवाला एखादा प्रश्न चालेल, उदाहरणार्थ १२/१३ + ७/८ हे साधारण किती, १, २, १९ की २१? दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत त्यामुळे उत्तर २ च्या आसपास, हे बघताक्षणी दिसायला हवं. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत हाच प्रश्न होता, १३ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्क्यांनीच २ निवडलं, बाकी बहुतेक १९ किंवा २१ वर गेली, कारण अंश किंवा छेद बेरजेला धरले. बाकी प्रश्न असे: ५ − २(क्ष − ३) सोडवा, ०.३५ मोठं की ०.८, ०.९ टक्के द्रावण ५०० मिली करायला मीठ किती ग्रॅम, C१V१ = C२V२ (डायल्यूशनचं सूत्र, C तीव्रता आणि V आकारमान) मधून V१ वेगळा काढा. (रोमन अक्षरं फळ्यावर लिहाच, इथे मी पुढे बोलीत "सी-वन, व्ही-वन" म्हणेन.)

हे पेपर मार्कांनी लावू नका, चुकांनी लावा. एकाच जातीची चूक केलेले सगळे कागद एका ढिगात. संध्याकाळ जाते पण सगळा कोर्स त्या ढिगांतून निघतो. तुम्हाला दिसेल की मुलांची डोकी रिकामी नाहीत, त्यात नियम आहेत, फक्त ते चुकीचे किंवा अर्धवट आहेत आणि मुलं ते अगदी इमानदारीने पाळतायत. गणित शिक्षणात एर्लवँगर नावाच्या संशोधकाचा १९७३ चा एक अभ्यास आहे, बेनी नावाच्या सहावीतल्या मुलाचा. हा मुलगा स्वतःच्या गतीने शिकायच्या प्रोग्रॅममध्ये पुढे पुढे जात होता, शिक्षिकेच्या मते हुशार, आणि बोलायला बसवल्यावर कळलं की तो २/१० म्हणजे १.२ मानतो आणि ०.३ + ०.४ म्हणजे ०.०७. सगळं स्वतः तयार केलेल्या नियमांनी, न अडखळता. आपल्याकडे असे कॉलेजात आलेले बेनी भरपूर आहेत. त्यांना अपूर्णांकाची तीच पद्धत परत एकदा फळ्यावर करून दाखवली तर "हो मॅडम, समजलं" म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात परत २/१०. जुना नियम जागेवरच असतो ना. तो खोटा पडताना त्यांना स्वतःला दिसला पाहिजे.

याचं एक उदाहरण पूर्ण सांगते, कारण माझा अख्खा कोर्स याच पद्धतीवर चालतो. फार्मास्युटिक्सला पॉसॉलॉजीत (डोस ठरवण्याच्या धड्यात) लहान मुलांच्या डोससाठी यंगचा नियम असतो: वय भागिले (वय + १२), गुणिले मोठ्यांचा डोस. एका मुलीने सहा वर्षांच्या मुलाचा डोस काढला, मोठ्यांचा ५०० मिग्रॅ. तिने ६/(६ + १२) लिहिलं, वरचा ६ आणि खालचा ६ कट केला, राहिला १/१२, उत्तर ४१.७ मिग्रॅ. अक्षर सुंदर, पायऱ्या नीट. मी काही खोडलं नाही, म्हटलं आता बारा वर्षांच्या मुलाचा काढ. तिने परत वरचे १२ आणि खालच्या दोनातले एक १२ कट केले, १/१२. म्हटलं दोन वर्षांचा? परत १/१२. मग ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, असं कसं, सगळ्यांना सेमच येतंय." बरोबर, वयावरून डोस काढायच्या सूत्रातून वयच उडालं. आता तिला कट कधी करायचं नसतं हे ऐकायची खरंच गरज वाटली. तेव्हा सांगायचं की कट करणं म्हणजे अख्ख्या अंशाला आणि अख्ख्या छेदाला एकाच संख्येने भागणं, आणि ६ + १२ हा छेद आधी एक संख्या आहे, १८. म्हणून ६/१८, म्हणजे १/३, म्हणजे साधारण १६७ मिग्रॅ. (आज प्रत्यक्षात डोस वजनावर किंवा बॉडी सरफेस एरियावर ठरतो हेही तिथेच सांगा, पण गणित शिकवायला यंग फार छान आहे.) त्यानंतर लगेच (क्ष + ३)/क्ष, (२क्ष + ६)/२ अशी दहा-बारा, कट होतं की नाही एवढंच ठरवायचं, उत्तर काढायचंच नाही.

दुसरा मोठा ढीग असतो "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" वाल्यांचा. हे वाक्य शाळेत इतकं घोटलेलं असतं की डायल्यूशनच्या गणितात सी-वन गुणिले व्ही-वन मधला सी-वन पलीकडे नेताना मुलं सरळ वजा करतात. त्यांच्या मते चिन्ह बदललंय, मग चुकलं कुठे? मी पहिला महिनाभर हे वाक्य वर्गात बोलू देत नाही. दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहायचं, "दोन्ही बाजूंना सी-वनने भागलं", पूर्ण शब्दांत. मुलं कंटाळतात, वेळ जातो, पण करू द्या. आणि एककं लिहायची सवय लावा, मग मिलिलिटरमधून टक्के वजा होताना दिसले की पोरं स्वतःच हसतात आणि खोडतात.

आणि तपासायची एक सवय सगळ्या कोर्सभर: संख्या ठेवून बघ. ५ − २(क्ष − ३) चं कुणी ३(क्ष − ३) केलं तर क्ष ला ३ ठेव, मूळ राशी ५ येते, तुझी ० येते. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग म्हणतोस? ३ आणि ४ ठेव, ४९ आणि २५. यात शिक्षकाने "चूक" म्हणायची गरजच राहत नाही, आणि ज्या मुलाला पाचवीपासून फक्त "चूक" ऐकायची सवय आहे त्याला स्वतःचं स्वतः तपासता येणं ही केवढी गोष्ट आहे ते तुम्हाला दोन महिन्यांत दिसेल.

आता बेसिक आणि सिलॅबस एकत्र कसं चालवायचं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. रेमेडियल गणिताची गरज ठरलेल्या ९०७ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं. नुसतं रेमेडियल बीजगणित घेतलेल्यांत ३९ टक्के पास, बीजगणित अधिक दर आठवड्याला वर्कशॉप यात ४५ टक्के, आणि तिसऱ्या गटाला रेमेडियल न देता थेट कॉलेजचं स्टॅटिस्टिक्स अधिक वर्कशॉप दिलं, त्यात ५६ टक्के. विषय वेगळे आहेत त्यामुळे आकडे जसेच्या तसे तुलनेला घेऊ नका, पण कच्च्या मुलांना मागच्या पायरीवर अडकवून न ठेवता पुढच्या विषयात बसवून बरोबरीने आधार दिला तर ती बुडत नाहीत एवढं नक्की कळतं. कॅलिफोर्नियाने तर २०१७ मध्ये कायदाच केला, कम्युनिटी कॉलेजांनी मुलांना सरसकट रेमेडियलला पाठवू नये म्हणून.

आपल्याकडे याचा अर्थ असा की पार्शल फ्रॅक्शनचा पहिला तास १/४ + १/६ ने सुरू होतो. मग १/(क्ष + १) + १/(क्ष + २). ही बेरीज आली की पार्शल फ्रॅक्शन म्हणजे तीच उलट दिशेने. अपूर्णांक वेगळे "घेतले" असं कुणाला वाटतही नाही, आणि "हे तर शाळेतलं" म्हणून तोंड वाकडं करणारी पोरंही बसून करतात.

लॉगला मात्र तास जास्त द्या, सिलॅबसमध्ये दिसतात त्यापेक्षा खूपच जास्त. पुढच्या चार वर्षांत यांना सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट हीच आहे: पीएच, बफर, कायनेटिक्स, शेल्फ लाइफ, फार्माकोकायनेटिक्स. मी हे असं घेते. शरीरात ४०० मिग्रॅ औषध, हाफ लाइफ (निम्मं व्हायला लागणारा वेळ) ६ तास. तक्ता करा: ०, ६, १२, १८, २४ तासांना ४००, २००, १००, ५०, २५. साध्या ग्राफ पेपरवर काढा, वक्र येतो. आता त्याच संख्यांचे लॉग घ्या: २.६०, २.३०, २.००, १.७०, १.४०. मुलांना काही न सांगता बघत बसू द्या. कुणीतरी ओरडतंच, "दरवेळी पॉइंट तीनने कमी होतंय!" मग तो ग्राफ काढा, सरळ रेषा. ही झाली चौथ्या युनिटची सरळ रेषा, तिचा स्लोप आला उणे ०.३०१०/६, आणि फर्स्ट ऑर्डरच्या समीकरणात स्लोप म्हणजे उणे के/२.३०३ (के म्हणजे औषध कमी होण्याचा दर दाखवणारा स्थिरांक), म्हणून के आला तासाला साधारण ०.११५५. आता ०.६९३ ला ६ ने भागा. तेच. जो ०.६९३ मुलं पाठ करत असतात तो कुठून आला ते त्यांच्या स्वतःच्या ग्राफमधून निघालं.

हाच तक्ता मी पाचव्या युनिटपर्यंत ओढते. "जितकं औषध शिल्लक त्या प्रमाणात ते कमी होतं" हे वाक्य म्हणजेच डिफरन्शियल इक्वेशन, ते सोडवलं की तोच वक्र मिळतो. लॅप्लासही त्याच समीकरणावर, टेबल हातात देऊन. सिलॅबसमध्येच लिहिलंय की लॅप्लासचा उपयोग केमिकल कायनेटिक्स आणि फार्माकोकायनेटिक्समध्ये दाखवा, तर तेवढंच नीट दाखवा, गुणधर्मांच्या सिद्धता सोडून द्या. तोंडावाटे दिलेल्या औषधाचं समीकरण लॅप्लासने सोडवताना पार्शल फ्रॅक्शन परत भेटतात, तिथे पहिल्या युनिटचा हिशोब पूर्ण होतो. वर्ग चांगला असेल तरच हे करा, नसेल तर नुसतं दाखवून पुढे जा. मॅट्रिक्सवर मी फार थांबत नाही, वजा-अधिकच्या चिन्हांचा सराव म्हणून त्याचा उपयोग होतो, त्यासाठीच वापरते. लिमिट पण तेवढ्यापुरतंच.

वर्ग कसा चालवायचा? निम्मा वेळ तुम्ही बोलायचं, निम्मा वेळ मुलांनी करायचं, चार-चारच्या गटात. बर्कलीला १९७० च्या दशकात युरी ट्राइझमन यांनी बघितलं की कॅल्क्युलसमध्ये नापास होणारी कृष्णवर्णीय मुलं मेहनत कमी करत नव्हती, ती एकेकटी अभ्यास करत होती. त्यांनी रेमेडियल क्लास न काढता गटात बसून अवघड गणितं सोडवायची वर्कशॉप काढली आणि निकाल सुधारले. आपली खेड्यातून आलेली, हॉस्टेलच्या खोलीत एकटी दार लावून सूत्रं पाठ करणारी मुलं आठवा. म्हणून गटाला सोपं गणित देऊ नका, ज्यावर वाद होईल असं द्या. ९० टक्के आणि ४० टक्के अल्कोहोल मिसळून ६० टक्के करायचंय, ॲलिगेशनची फुली (मिश्रणाचं प्रमाण काढायची तिरक्या वजाबाकीची युक्ती) न मारता प्रमाण काढा आणि मग सांगा ती फुली का चालते. (उत्तर ९० चे २ भाग, ४० चे ३ भाग.) अर्धा तास भांडण होतं, होऊ द्या.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दोन पानांचा तक्ता करून द्या: छेद म्हणजे डिनॉमिनेटर, सहगुणक म्हणजे कोएफिशंट, घातांक म्हणजे एक्स्पोनंट, व्यस्त म्हणजे रेसिप्रोकल. पुष्कळदा मुलाला गणित येत असतं आणि इंग्रजी शब्दापाशी अडतं, आणि आपण त्याला गणितात कच्चा समजून बसतो. उत्तर तोंडी सांगताना मराठीत सांगू द्या.

एक विनंती मनापासून करते. "हे तर सातवीत झालंय ना?" हे वाक्य या वर्गात कधीही उच्चारू नका. असर या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ४३.३ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. म्हणजे तुमच्या वर्गातलं पोरगं काही जगावेगळं नाही, आणि त्याला ते आधीच माहीत आहे की हे यायला हवं होतं, म्हणूनच ते मागच्या बाकावर बसलंय. स्लो लर्नरची यादी नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फाइलसाठी करावी लागते ती करा, पण वर्गात वाचून दाखवू नका, नोटीस बोर्डवर तर अजिबात लावू नका.

परीक्षेचं. सेशनलला (सेममधल्या इंटर्नल परीक्षेला) दर आठवड्याच्या छोट्या चाचण्यांतलेच टाइप विचारा, आधीच्या युनिटमधले मिसळून, एकाच टाइपची दहा गणितं सलग कधीच नकोत, कारण कुठली पद्धत लावायची हे ओळखणं हाच अर्धा भाग असतो आणि सलग दहामध्ये तो शिकलाच जात नाही. चाचणी परत द्यायची मुभा ठेवा, नवीन आकड्यांनी, आणि दोन्हींतले चांगले मार्क धरा. एंड सेमला एक प्रश्न असा ठेवा की कुणीतरी चुकीचं सोडवलेलं गणित दिलंय, चूक शोधून का चूक ते लिहा. पहिल्या आठवड्यातले ढीग तुमच्याकडे आहेतच, नावं काढून त्यातलीच गणितं वापरता येतात.

आणि सेम सुरू होतानाच फार्मास्युटिक्स आणि ॲनालिसिस शिकवणाऱ्यांकडे जाऊन त्यांचं वेळापत्रक घ्या. पहिल्याच सेमला त्यांच्याकडे टक्केवारीची द्रावणं, ॲलिगेशन, नॉर्मॅलिटी, मोलॅरिटी येते. तुमचं प्रमाण आणि समीकरण त्यांच्या आधी एक आठवडा झालेलं हवं. ॲडमिशन लांबून सेम उशिरा सुरू झालं तर तुमचा क्रम हलवा, त्यांचा हलत नसतो, त्यांच्या मागे युनिव्हर्सिटीचा पेपर असतो.